औषध दिलं, पण पोचलं का?

‘ताप आला की एक चमचा द्यायचा.’ कुठल्याही दवाखान्यात दिवसभर ऐकू येणारं हे वाक्य आहे. यात काही चूक आहे असं कोणालाच वाटत नाही. म्हणून आधी जरा हिशोब करू.

लहान मुलांच्या तापाचं औषध म्हणजे बहुतेक वेळा पॅरासिटामॉल. ते पातळ स्वरूपात मुख्यतः तीन ताकदींत मिळतं. एका सिरपमध्ये पाच मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं. दुसऱ्या सिरपमध्ये पाच मिलीला २५०. तान्ह्या बाळांसाठीच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे चमचा पाच मिलीचा धरला, तर पहिल्या बाटलीतून १२०, दुसरीतून २५० आणि तिसरीतून ५०० मिलिग्रॅम औषध मुलाच्या पोटात जातं. वाक्य तेच, चमचा तोच, आणि डोस चौपट.

मुलाला एका वेळी लागतं किती? वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. नऊ किलोच्या मुलाला फार तर १३५. पहिल्या बाटलीचा चमचा बरोबर बसतो. दुसऱ्या बाटलीचा जवळपास दुप्पट होतो. तिसऱ्या बाटलीचा चमचा दिवसातून चार वेळा दिला, तर त्या मुलाचं यकृत धोक्यात येतं. औषध भेसळीचं नाही, मुदत संपलेलं नाही, डॉक्टर चुकलेला नाही आणि आईने सांगितलं तेच केलंय.

नऊ किलो हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण चौदा किलो असायला हवं. माझं गाव मोखाडा तालुक्यातलं. आमच्याकडे तीन वर्षांचं मूल नऊ-साडेनऊ किलोचं असणं ही बातमीसुद्धा होत नाही. जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्राला कळलं तेच मुळी १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे. त्यानंतर दर काही वर्षांनी कुपोषणाची बातमी येते, गाड्या येतात, गाड्या जातात. पण एक साधी गोष्ट त्या बातम्यांमध्ये कधी वाचायला मिळत नाही. मूल कुपोषित असेल तर वयावरून ठरवलेला डोस त्याला जास्त होतो. खोक्यावर छापलेलं ‘वय २ ते ४ वर्षं’ हे आमच्या मुलाकडे बघून छापलेलं नसतं. त्यात पॅरासिटामॉलचा विषारी अंश निष्प्रभ करायला यकृतात जो साठा लागतो, तो उपाशी शरीरात आधीच कमी असतो. म्हणजे जिथे डोस चुकायची शक्यता जास्त, तिथेच चुकीची किंमतही जास्त.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावणं हा औषधाचाच भाग आहे. तो भाग न देता नुसती बाटली देणारी यंत्रणा अर्धंच औषध देते आणि नोंदवहीत मात्र पूर्ण लिहिते.

विषारी औषधाची बातमी आली की आपण सगळे पेटून उठतो, आणि उठायलाच हवं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा जीव घेतला. विष तेच, चाळीस वर्षांनंतर. आपण रील्स शेअर केल्या, कंपनीवर संतापलो. पण शुद्ध, प्रमाणित, सरकारी शिक्क्याचं औषध जेव्हा नीट न सांगितल्यामुळे नुकसान करतं, तेव्हा आयोग बसत नाही. कारण तिथे एक तयार आरोपी हजर असतो: रुग्ण.

‘लोक अडाणी आहेत हो, सांगितलेलं ऐकत नाहीत.’ हे वाक्य मी तालुक्याच्या बाजारात ऐकलंय, शहरातल्या डॉक्टर मित्रांकडून ऐकलंय आणि आमच्याच भागातल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलंय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या शिक्षणात थेरॅक-२५ नावाच्या मशीनची गोष्ट असते. कॅन्सरवर किरणोपचार देणारं हे मशीन. १९८५ ते १९८७ या काळात त्याने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली. त्यातल्या काही प्रसंगांत पडद्यावर नुसतं ‘मालफंक्शन ५४’ असं यायचं. त्याचा अर्थ ऑपरेटरला कळत नव्हता, म्हणून तो ‘पुढे चला’चं बटण दाबायचा. या प्रकरणातून आमच्या धंद्याने एक धडा घेतला. वापरणाऱ्याला सूचना समजली नाही, तर दोष आधी सूचनेत शोधायचा. शंभर लोक एकच चुकीचं बटण दाबत असतील तर आम्ही त्या शंभर लोकांना अडाणी म्हणत नाही. बटणाची जागा बदलतो.

आणि हा प्रश्न शिक्षणाचाच असेल, तर अमेरिकेत तो नसायला हवा होता. २०१४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयांत आलेल्या पालकांचा एक अभ्यास आला. मुलाचं पातळ औषध मोजताना दहापैकी जवळपास चार पालकांची चूक होत होती, आणि चमच्याच्या भाषेत सांगितलं की चुका वाढत होत्या. पुढच्याच वर्षी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की चमचा विसरा, फक्त मिली वापरा. त्यांनी पालकांना नावं ठेवली नाहीत. चमचा काढून टाकला.

आता आपली चिठ्ठी बघा. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. आमच्याकडे बीडी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे आणि ती दिवसातून दोनदा ओढून कोणी थांबत नाही. ‘तीन वेळा जेवणानंतर’ असं तोंडी सांगितलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण अनेक घरांत जेवण दोनदाच होतं. मग तिसरी गोळी राहते, किंवा दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून दिली की औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. पुडीत येते ती फक्त एक पांढरी गोळी. घरात अशा तीन पांढऱ्या गोळ्या असतील तर कुठली कोणाची?

जुलाबाच्या मुलाला ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या देतात. त्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबतात दोन-तीन दिवसांत. चौथ्या दिवशी आई गोळी बंद करते, कारण तिच्या दृष्टीने मूल बरं झालंय. उरलेली गोळी पुढचे जुलाब टाळण्यासाठी आहे हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. आईचा तर्क चुकलेला नाही. तिला अर्धीच माहिती दिली गेली.

माझ्या आत्याचं उदाहरण देतो. तिला टीबी झाला, एका दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांत लघवी केशरी-लाल व्हायला लागली. तिला वाटलं रक्त जातंय. तिने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. आशाताई घरी आल्या तेव्हा हे उघड झालं. मी फोनवर विचारलं, “आत्या, गोळ्या देताना काही सांगितलं नव्हतं का?” ती म्हणाली, “सांगितलं ना. रोज घ्यायच्या म्हणून.”

टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफॅम्पिसिन असतं. त्याने लघवी केशरी होते, घाबरायचं कारण नसतं, गोळी चालू ठेवायची असते. हे एक वाक्य सांगायला दहा सेकंद लागतात. ते न सांगितल्यामुळे गोळ्या मध्येच सुटल्या तर टीबी औषधांना न जुमानणारा होऊ शकतो, आणि मग उपचार कितीतरी लांबतात.

याच्या अगदी उलट उदाहरण हिवतापाचं. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात तो पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. काही माणसांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आढळतं. अशा माणसाच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी काळपट, कोकच्या रंगाची होते. तेव्हा गोळी ताबडतोब थांबवून दवाखान्यात यायचं असतं. म्हणजे एका औषधात लघवीचा रंग बदलला तरी गोळी थांबवायची नाही, आणि दुसऱ्या औषधात रंग बदलला की एकही गोळी पुढे घ्यायची नाही. हा फरक रुग्णाने स्वतःच्या हुशारीने ओळखावा अशी अपेक्षा असेल, तर अडाणी नक्की कोण आहे?

मी नर्सेसवर घसरतोय असं कोणाला वाटू नये. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हे सगळं आहे. भारतीय नर्सिंग परिषदेच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमात औषधांच्या गटांखाली डोस, दुष्परिणाम यांच्यासोबत ‘परिचारिकेची भूमिका’ लिहिलेली आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक नर्सला पाठ असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लहान मुलांच्या आजारांसाठी आपल्या सरकारने स्वीकारलेली आयएमएनसीआय ही पद्धत. तिच्यात आईला औषध कसं शिकवायचं याच्या पायऱ्याच दिल्या आहेत. औषध कशासाठी ते सांगा. डोस मोजून दाखवा. आईला तुमच्यासमोर मोजायला लावा. पहिला डोस तिच्याच हाताने इथेच द्यायला सांगा. आणि ती जाण्याआधी तिला समजलंय का ते तपासा.

म्हणजे नियम आहे. प्रशिक्षण आहे. नाही तो फक्त नोंदवहीत रकाना. किती बाटल्या वाटल्या याला रकाना आहे. किती गोळ्या शिल्लक आहेत याला आहे. किती रुग्ण तपासले याला आहे. किती आयांनी डोस बरोबर मोजून दाखवला, याला नाही. आणि सरकारी कामात ज्याला रकाना नाही ते काम होत नाही, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत आहे.

त्याऐवजी काय होतं? खिडकीतून प्रश्न येतो, “समजलं का?” खिडकीबाहेरून उत्तर जातं, “हो बाई.” मागे रांग असते, कडेवर मूल रडत असतं, परतीची जीप भरत आलेली असते. बोलणाऱ्या बाई लातूरच्या नाहीतर सांगलीच्या, ऐकणारी बाई घरात वारली किंवा कोकणा बोलणारी. ‘नाही समजलं’ म्हणायला लागणारी हिंमत तुम्ही पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तरी दाखवली आहे का? त्यामुळे ‘समजलं का?’ हा प्रश्नच नाही. तो खिडकी बंद व्हायचा आवाज आहे.

आम्ही नेटवर्किंगमध्ये शिकतो की माहितीचं पाकीट पाठवलं म्हणजे ते पोचलं असं धरायचं नाही. समोरून पोचपावती यायला हवी. आली नाही तर पुन्हा पाठवायचं. तुमच्या फोनवर हा लेख उघडला तोही याच नियमामुळे. एका वेबपेजसाठी आपण जी काळजी घेतो, ती तापाने फणफणलेल्या मुलाच्या औषधासाठी घेत नाही.

पोचपावती कशी घ्यायची हे मी एका उपकेंद्रात पाहिलंय. तिथल्या आरोग्यसेविका ‘समजलं का’ असं विचारतच नव्हत्या. त्यांनी आईच्या हातात मापाचं झाकण दिलं, त्यावर स्केचपेनने रेघ मारली आणि म्हणाल्या, “आता घरी गेल्यावर सासूला कसं सांगशील, ते मला सांग.” आईने बाटलीतून झाकणात औषध ओतलं. रेघेच्या वर गेलं. बाई म्हणाल्या, “सासूला दे, पण एवढं नको.” दोघी हसल्या. दुसऱ्यांदा बरोबर रेघेवर आलं. मी घड्याळ बघितलं, दोन मिनिटंही झाली नव्हती. आईला एकदाही आपली परीक्षा चालली आहे असं वाटलं नाही, कारण सासूला सांगायची तालीम चालली होती.

यावर उत्तर ठरलेलं आहे: वेळ कुठे आहे? हा आक्षेप खरा आहे. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार. आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तो पाळला तरी पाडे विखुरलेले, रस्ते पावसात तुटणारे, आणि आरोग्यसेविकेच्या मागे लसीकरण, बाळंतपणं, सर्व्हे आणि ऑनलाइन नोंदी लागलेल्या. शंभर जणांना दोन-दोन मिनिटं द्यायची तर तीन तास वीस मिनिटं जातील. मान्य.

पण शंभर जणांना द्यायचीच नाहीत. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, नव्याने सुरू झालेला टीबी, हिवताप, फिट्स, बीपी आणि शुगर एवढेच निवडा. एका दिवशी असे पंधरा जण आले तरी अर्धा तास होतो. हा अर्धा तास मिळवायचा असेल तर एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावणं बंद करा. नर्सला वेळ नाही असं म्हणणारी यंत्रणाच तिचा वेळ खाते.

आता माझ्या धंद्यातल्या मित्रांकडे वळतो. हा विषय काढला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, “भारी आयडिया आहे, अ‍ॅप बनवू या.” हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळेल, लिंक्डइनवर फोटो येईल. मोखाड्यात ज्या पाड्यावर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, तिथल्या आजीला नोटिफिकेशन पाठवून काय होणार? १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख औषध ब्रँड्सवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. घरातल्या एखाद्या गोळीवर असेल तर स्कॅन करून बघा. औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा, परवाना क्रमांक अशी माहिती मिळते. बनावट औषध ओळखायला ती उपयोगी आहे. पण गोळी कशी घ्यायची, काय झालं तर थांबवायची, याबद्दल तो कोड गप्प आहे. ई-औषधीसारखी प्रणाली साठ्याचा हिशोब खिडकीपर्यंत ठेवते. खिडकीपासून घरातल्या फडताळापर्यंतचा प्रवास कुठल्याच सर्व्हरवर नाही.

तंत्रज्ञान वापरायचंच असेल तर औषधखिडकीवर लेबल छापणारा एक छोटा प्रिंटर ठेवा. तुम्ही मॉलमध्ये भाजी वजन करता तेव्हा स्टिकर निघतो, तसाच. त्यावर मुलाचं नाव, वजन, किती मिली, किती दिवस, आणि सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र. याला एआय लागत नाही. बटाट्याला मिळतं ते बाळाच्या औषधाला मिळावं, एवढीच मागणी आहे.

बाकीच्या मागण्याही महाग नाहीत. सरकारी चिठ्ठीवरून ‘चमचा’ हा शब्द काढून टाका, मिली लिहा, आणि प्रत्येक पातळ औषधासोबत मापाचं झाकण किंवा सिरिंज द्या. केसपेपरवर मुलाचं वजन लिहिल्याशिवाय औषध देऊ नका. चिठ्ठी मराठीत लिहा. औषधखिडकीवर स्थानिक बोली बोलणारा माणूस पगारावर ठेवा. आमच्याच तालुक्यातल्या शिकलेल्या मुली नोकरी शोधत शहरात फिरतात. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांना पुरेसा साठा आणि दुसऱ्या तालुक्यात दाखवता येईल असं कार्ड द्या. आणि नोंदवहीत तो एक रकाना वाढवा: ‘रुग्णाने परत सांगितलं का? हो / नाही.’

कोणी म्हणेल, रकाना आला की लोक खोटं खोटं ‘हो’ भरतील. काही भरतील. पण मग वरिष्ठांना पाड्यावर जाऊन दहा घरांत विचारता येईल आणि रकाना खरा की खोटा ते दुपारपर्यंत कळेल. आज विचारायला जागाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘औषधाने इजा नको’ अशी मोहीम सुरू केली. औषधांमुळे होणारी गंभीर, टाळता येणारी इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची होती. ती मुदत केव्हाच संपली. मोखाड्यात त्या मोहिमेची पोस्टरं लावली असती तरी फरक पडला नसता, कारण पोस्टर परत प्रश्न विचारत नाही.

तुम्ही हे फोनवर वाचताय म्हणजे बहुधा तुमच्या घरात औषधाचं लेबल वाचू शकणारं माणूस आहे. ते तुम्हीच असाल. औषधाने काही विपरीत झालं तर सामान्य माणूसही १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर ते कळवू शकतो, हे माहीत असू द्या. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये किंवा दवाखान्यात कोणी ‘एक चमचा’ म्हणालं, तर थांबून विचारा: किती मिली, आणि कुठल्या बाटलीतून? मागच्या रांगेने चुकचुकाट केला तरी विचारा. ज्यांना हा प्रश्न विचारणं परवडतं त्यांनी तो इतक्या वेळा विचारायला हवा, की ज्यांना विचारता येत नाही त्यांना तो न विचारताच उत्तर मिळू लागेल.